मोठ्या सभागृहात गाणं ऐकायला जाताय? तिकिटाआधी पायऱ्या मोजा

मुंबईत पहिल्यांदाच मोठ्या सभागृहातल्या मैफलीला निघालेला माणूस बहुतेक वेळा कलाकार बघतो, तारीख बघतो, तिकिटाचा दर बघतो आणि बुकिंग करून मोकळा होतो. एकट्यासाठी ते ठीक आहे. पण सोबत गुडघेदुखीने हैराण झालेली आई असेल, काठी टेकत चालणारे आजोबा असतील, व्हीलचेअर वापरणारा मित्र असेल, तर हा क्रम उलटा करा. आधी रस्त्यापासून खुर्चीपर्यंतची वाट बघा, मग खुर्चीपासून स्वच्छतागृहापर्यंतची, मग रात्री घरी परतायची, आणि तिकीट शेवटी. ज्यांनी आयुष्यभर रेडिओला कान लावून गाणं ऐकलं, ती माणसं उतारवयात केवळ पायऱ्यांच्या धास्तीने मैफलीला यायचं सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. थोडी आधी चौकशी केली तर यातली बरीच माणसं पुन्हा सभागृहात येऊ शकतात.

या लेखात मुख्यतः दोन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवली आहेत: शीव-माटुंग्याच्या मध्ये, किंग्ज सर्कलजवळचं षण्मुखानंद आणि नरिमन पॉइंटच्या टोकाचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. रवींद्र नाट्य मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातलं (बीकेसी) नवं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर, कुठेही जा, विचार करायची पद्धत हीच.

पायरी १: नेमकं कुठलं सभागृह, ते नीट वाचा

षण्मुखानंद म्हणजे एकच भलंमोठं सभागृह. तळमजला, वर बाल्कनी, आणि आसनं अडीच हजारांहून जास्त. इथे कार्यक्रम सुटला की एकाच वेळी केवढी गर्दी जिन्यावर येते, याची कल्पना नवख्याला नसते.

एनसीपीएचं तसं नाही. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या एकाच आवारात पाच नाट्यगृहं आहेत. १९८० मध्ये सुरू झालेलं टाटा थिएटर आणि १९९९ चं जमशेद भाभा थिएटर ही दोन मोठी, प्रत्येकी हजाराच्या वर आसनांची. एक्सपेरिमेंटल थिएटर, गोदरेज डान्स थिएटर आणि लिटल थिएटर ही छोटी. तिकिटावर नुसतं ‘एनसीपीए’ वाचून टॅक्सी सोडली आणि आपलं थिएटर आवाराच्या दुसऱ्या टोकाला निघालं, तर धडधाकट माणसाला दोन-चार मिनिटं चालावं लागतं. काठीवाल्या माणसाची मात्र तिथेच दमछाक होते. थिएटरचं नाव आधी पाहून ठेवा आणि त्याच्या सर्वांत जवळ गाडी कुठल्या फाटकाने येते ते विचारा.

पायरी २: दोन फोन करा, एक नाही

नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही: कार्यक्रमाचा आयोजक वेगळा असतो आणि सभागृहाचं व्यवस्थापन वेगळं. आयोजकाने त्या संध्याकाळपुरतं सभागृह भाड्याने घेतलेलं असतं. खुर्ची बदलून देणं, सोबत्याला शेजारची जागा देणं, कार्यक्रम किती वाजता संपेल हे सांगणं त्याच्या हातात. लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर, स्वच्छतागृह, गाडी दारापर्यंत आणायची परवानगी हे सगळं सभागृहाचं. आयोजकाला लिफ्टबद्दल विचारलं तर तो ‘असेल ना’ म्हणतो, आणि ‘असेल ना’वर आजीला घेऊन निघू नये. एनसीपीएचे स्वतःचे बरेच कार्यक्रम असतात, तेव्हा दोन्ही एकच. तरीही तिकीटबारीला आणि व्यवस्थापनाला वेगवेगळं विचारलेलं बरं.

‘तुमच्याकडे सोय आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो, आहे’ असंच येतं. म्हणून आपल्या माणसाचं वर्णन करून विचारा: “आईचं वय पंच्याहत्तर आहे, काठी आहे, कठडा धरून चार-पाच पायऱ्या चढते, त्याहून जास्त नाही. गाडीतून उतरल्यापासून एच रांगेतल्या खुर्चीपर्यंत एकूण किती पायऱ्या? कठडा एका बाजूला आहे की दोन्ही? लिफ्ट असेल तर प्रेक्षकांसाठी चालू असते की आधी सांगावं लागतं?” लिफ्ट कुलुपात आणि किल्ली भलत्याच माणसाकडे, असं अनेक इमारतींत होतं. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी कोणाला शोधायचं, त्या माणसाचं नाव विचारून लिहून ठेवा.

व्हीलचेअर असेल तर आणखी तीन गोष्टी विचारा. व्हीलचेअरवरच बसून ऐकायला जागा आहे की नाट्यगृहाच्या आसनावर सरकावं लागेल? सरकायचं असेल तर कडेच्या आसनाचा हात वर होतो का? आणि कार्यक्रम चालू असताना घडी केलेली व्हीलचेअर कुठे ठेवतात? ती मधल्या वाटेत ठेवू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण बाहेर ठेवलेली खुर्ची मध्यंतरात कोण आणून देणार, हे मात्र आधी ठरायला हवं.

रॅम्प ‘आहे’ म्हटलं तरी कसा आहे ते विचारा. मान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीसाठी निदान सहा फूट लांब उतार. तीन पायऱ्यांवर पाच-सहा फुटांची फळी टाकली असेल तर ती सामान चढवायची सोय आहे. त्यावरून माणसाला ढकलणं धोक्याचं.

पायरी ३: प्लॅन उघडा आणि दारं शोधा

आपल्याकडे नाटकाच्या बुकिंगला ‘प्लॅन उघडला’ म्हणतात, तोच प्लॅन आता बुकमायशोवर दिसतो. त्यात रांगा दिसतात आणि दर दिसतात. दारं मात्र क्वचितच दिसतात, आणि आपल्याला हवी असतात ती दारंच.

सभागृहाची जमीन उतरती असते. तुम्ही ज्या दाराने आत शिरता, त्या पातळीची रांग सर्वांत सोपी. तिथून पुढे जायचं तर उतरावं लागतं, मागे जायचं तर चढावं लागतं. मागच्या बाजूला दार असेल तर पहिल्या रांगेचं महागडं तिकीट म्हणजे सगळा उतार उतरायचा आणि रात्री दमलेल्या पायांनी तोच चढायचा. उलट पुढच्या बाजूला सपाट दार असेल तर तीच पहिली रांग सर्वांत सोयीची ठरते. म्हणून फोनवर विचारा, ‘दाराच्या पातळीला कुठली रांग येते?’ ते अक्षर मिळालं की निम्मं काम झालं.

त्या रांगेतली कडेची खुर्ची घ्या, पण कुठल्या कडेची याचाही विचार करा. डावा गुडघा आखडलेला असेल तर डावा पाय वाटेकडे मोकळा ठेवता येईल अशी. आजोबांना काठी उजव्या हातात लागत असेल तर उठताना तो हात मोकळा राहील अशी. सोबत्याने नेहमी आतल्या बाजूला बसावं, म्हणजे उठायला कोणाला ओलांडावं लागत नाही.

बाल्कनीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तरुणांनी खुशाल घ्यावी, स्वस्त असते आणि मंचाचं दृश्य छान दिसतं. पण बाल्कनीतल्या पायऱ्या उंच, अरुंद आणि कठड्याशिवायच्या असतात. चक्कर येणाऱ्या माणसाला पहिल्या रांगेतून खाली पाहवत नाही. लिफ्टने वरच्या मजल्यापर्यंत पोचता आलं तरी आतल्या पायऱ्या उरतातच. आणखी एक कारण आहे. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही. षण्मुखानंदची जुनी वास्तू १९९० मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडली आणि त्यानंतर ती नव्याने उभी राहिली. ज्याला जिना उतरता येत नाही त्याला तळमजल्यावर, सपाट वाटेने बाहेर पडता येईल अशाच जागी बसवा. दर थोडा जास्त पडला तरी पडू दे.

तळमजल्यावरही बाल्कनीच्या खाली, अगदी मागे बसलं तर आवाज जरा दबलेला येतो, कारण छतावरून परतणारा नाद तिथवर नीट पोचत नाही. जमल्यास बाल्कनीची कड डोक्यावरून जाते त्याच्या पुढची रांग निवडा.

पायरी ४: पोचायचं कसं

षण्मुखानंदसाठी लोकलच्या हार्बर मार्गावरचं किंग्ज सर्कल स्थानक जवळचं, पण तिथे फक्त अंधेरी-गोरेगावकडच्या शाखेच्या गाड्या थांबतात. नवी मुंबई-पनवेलकडून येणाऱ्यांनी गुरु तेग बहादूर नगरला उतरावं. ठाणे-कल्याणकडच्यांना शीव. तिथे फास्ट गाडी थांबत नाही, तेव्हा म्हातारं माणूस सोबत असेल तर दादर-कुर्ल्याला गाडी बदलायच्या भानगडीत पडू नका. ठाण्यापासूनच स्लो पकडा. वेळ जास्त लागेल, पण बसून जाल आणि पुलाचा एक जिना वाचेल. पश्चिम उपनगरातून येत असाल तर दादरला उतरून टॅक्सी हे सर्वांत सुटसुटीत.

नरिमन पॉइंटला जायला चर्चगेटपर्यंत लोकल आणि पुढे बेस्टची बस किंवा टॅक्सी, हा जुना मार्ग. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली आहे. तिचं विधान भवन स्थानक एनसीपीएच्या बाजूला पडतं. पायऱ्या टाळायच्या असतील तर ही मेट्रो मोठा आधार आहे: लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. मात्र स्थानकाच्या प्रत्येक दाराशी लिफ्ट असेलच असं नाही, म्हणून वर येण्याआधी कर्मचाऱ्याला विचारा. शेवटचा टप्पा चालत जाण्याइतका जवळ नाही. त्यासाठी टॅक्सी गृहीत धरा.

लोकलमधल्या दिव्यांग डब्याची जागा फलाटावरच्या खुणेवरून आणि तिथल्या ‘टी-टी’ आवाजावरून कळते. गरोदर स्त्रिया आणि कर्करुग्ण यांनाही त्यातून प्रवास करता येतो, हे अनेकांना माहीत नसतं.

मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी: रिक्षा वांद्रे-शीवच्या पुढे दक्षिणेला चालत नाहीत. उपनगरातून रिक्षाने थेट सभागृहाच्या दारात उतरू, हा बेत आखू नका. आणि टॅक्सीची एक अडचण व्हीलचेअरवाल्यांना पहिल्याच फेरीत कळते. इथल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत असतो. घडीची व्हीलचेअर तिथे मावत नाही. काळी-पिवळी असेल तर टपावरच्या कॅरिअरवर बांधता येते, म्हणून घरातून निघताना एक मजबूत दोरी घ्या. अ‍ॅपवरची गाडी बुक केली तर चालकाला लगेच फोन करून सांगा, नाहीतर दारात येऊन तो नकार देतो.

पावसाळा असेल तर दोन्ही ठिकाणांची तऱ्हा वेगळी. किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केट हा परिसर पाणी तुंबण्यासाठी अख्ख्या शहरात प्रसिद्ध आहे. जोरदार पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर पाणी लवकर ओसरत नाही. भरतीच्या वेळा महापालिका आधीच जाहीर करते. जून ते सप्टेंबरमधल्या षण्मुखानंदच्या तिकिटाआधी तेवढं बघून घ्या. नरिमन पॉइंटला प्रश्न वाऱ्याचा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात छत्री टिकत नाही आणि छत्री सावरणाऱ्या हाताला काठी धरता येत नाही. ज्येष्ठांना रेनकोट द्या आणि गाडी थेट छपराखाली न्या.

कार्यक्रमाच्या वेळेआधी पाऊण तास पोचा. पहिल्या घंटेला दारापाशी जी लोटालोट होते, त्यात हळू चालणाऱ्या माणसाचे हाल होतात. आधी गेलं की डोअरकीपर निवांत असतो, लिफ्टवाला सापडतो, आणि उजेड पूर्ण असताना खुर्चीपर्यंत जाता येतं.

पायरी ५: पिशवीत काय

शाल. मे महिन्यातसुद्धा शाल. मोठ्या सभागृहातला एसी तीन तासांत म्हाताऱ्या हाडांपर्यंत पोचतो.

बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. मधुमेह असलेल्यांनी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा बिस्किटं आणि रात्रीची औषधं एका छोट्या पाकिटात वेगळी ठेवावीत आणि तपासणीच्या वेळी स्वतःहून दाखवावीत. समजावून सांगितलं की अडवत नाहीत. जेवणाचं म्हणाल तर षण्मुखानंदला जाण्याआधी माटुंग्यात इडली खाऊन घेणं हा आनंदाचाच भाग आहे. कॅफे मद्रासला शनिवार-रविवारी बाहेर रांग असते, तेव्हा उभं राहता न येणाऱ्या माणसाला घेऊन जरा लवकर जा. नरिमन पॉइंट हा कचेऱ्यांचा भाग. रात्री उशिरा तिथे साधं खाणं सहज मिळत नाही, म्हणून आधीच खाऊन घ्या.

पायरी ६: पहिल्या घंटेपासून मध्यंतरापर्यंत

खुर्चीवर बसण्याआधी स्वच्छतागृह पाहून या. ते कुठल्या पातळीवर आहे, वाटेत किती पायऱ्या, कमोड आहे का, धरायला दांडा आहे का, दार बाहेर उघडतं की आत. आत उघडणाऱ्या दाराच्या अरुंद खोलीत वॉकर घेऊन वळता येत नाही. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह असेल तर ते उघडं आहे का, की त्यात बादल्या-झाडू ठेवलेत, हे आताच कळलं तर मध्यंतरापर्यंत मोकळं करून घेता येतं. नम्रपणे सांगितलं की करतात.

मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची रांग त्यातच संपत नाही. कडेच्या खुर्चीचा खरा उपयोग इथे होतो: मध्यंतराआधीची शेवटची रचना संपून टाळ्या सुरू झाल्या की लगेच उठा. राग चालू असताना मात्र उठू नका. एक रचना संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या वेळेत हालचाल करणं कलाकारालाही चालतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीत एकाच रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधल्या थांब्यांत टाळ्या वाजवत नाहीत, उठतही नाहीत. संचालकाचे हात पूर्ण खाली आले आणि तो प्रेक्षकांकडे वळला की रचना संपली. एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अशा कार्यक्रमांना उशिरा आलेल्यांना मधल्या योग्य थांब्यालाच आत सोडतात, आणि लहान मुलांसाठी वयाची अट असू शकते. दोन्ही गोष्टी तिकिटावर बघा.

बाहेर जाताना पायाखाली उजेड हवा म्हणून मोबाइलची बॅटरी लावायची तर ती जमिनीकडे, हाताच्या आडोशाने.

पायरी ७: कमी ऐकू येणाऱ्यांसाठी

या भागाबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही. कानाचं यंत्र लावणारे अनेकजण मैफलीला येणं टाळतात, कारण यंत्रातून गाणं कर्कश किंवा तुटक येतं. त्याचं कारण असं की यंत्र मुळात बोलणं उचलण्यासाठी बसवलेलं असतं. एकसारखा लागून राहिलेला तानपुऱ्याचा सूर त्याला नको असलेला गोंगाट वाटतो आणि ते तो दाबू पाहतं. बऱ्याच नव्या यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवता येतो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जाऊन तो बसवून घ्या आणि घरी रेकॉर्ड लावून सवय करा. कानातला साचा सैल असेल तर यंत्र शिट्टी मारतं. ती लावणाऱ्याला ऐकू येत नाही, शेजारच्या चार रांगांना येते. तो साचाही त्याच भेटीत तपासून घ्या.

खुर्ची निवडताना मंचाच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्पीकर टाळा. तिथे आवाज मोठा असतो पण स्पष्ट नसतो, आणि लहान मुलांच्या कानांनाही तो त्रासदायक. मधल्या पट्ट्यात, कलाकाराचा चेहरा दिसेल इतक्या जवळ बसवा. ओठ दिसले की शब्द निम्मे कळतात. टाटा थिएटरची गोष्ट निराळी आहे. फिलिप जॉन्सन यांनी आराखडा केलेलं आणि सिरिल हॅरिस यांनी ध्वनिरचना केलेलं हे नाट्यगृह माइकशिवाय गाणं आणि नाटक ऐकता यावं या हेतूने बांधलेलं आहे. पंख्यासारखी पसरलेली रचना असल्याने मंच फार लांब वाटत नाही. तिथे कमी वाद्यांची, कमी ध्वनिवर्धनाची बैठक असेल तर आपल्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तिथेच न्या.

पायरी ८: परतीची वाट

कार्यक्रम संपला की उठू नका. दहा मिनिटं बसून राहा, जिना आणि दारं मोकळी होऊ द्या. तेवढ्यात गाडी बोलवायची असेल तर नेमकी कुठे बोलवायची हे येतानाच ठरवलेलं असावं. मुख्य दाराशी सगळ्यांच्याच गाड्या येतात. थोडं पुढे, पण सपाट फुटपाथवर आणि उजेडात असलेली जागा बरी. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमाराला सुटतात. मराठी मैफल वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपेल यावर विसंबून परतीचा बेत मेट्रोवर ठेवू नका. लोकल त्यानंतरही मिळते, पण एनसीपीएपासून चर्चगेटपर्यंत जायला टॅक्सी लागणारच.

पायरी ९: दुसऱ्या दिवशी पत्र लिहा

जे चांगलं होतं ते आधी लिहा, मदत केलेल्या डोअरकीपरचा उल्लेख करून. वरिष्ठांपर्यंत त्याचं कौतुक एरवी पोचत नाही. मग जे नव्हतं ते मोजमापासह लिहा: कुठल्या दाराशी किती पायऱ्या, कठडा कुठे नाही, स्वच्छतागृहाचं दार किती इंचांचं. ‘गैरसोय झाली’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर काही होत नाही. ‘पूर्वेच्या दाराशी तीन पायऱ्या, कठडा नाही’ यावर सुतार-गवंडी बोलावता येतो.

हे उपकार मागणं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी लोक जिथे येतात त्या खासगी इमारतीही येतात, आणि जुन्या इमारतींनाही ठरावीक मुदतीत सुगम होणं बंधनकारक केलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगमतेचे किमान नियम नुसते मार्गदर्शक न ठेवता सक्तीचे करण्याचा आदेश केंद्राला दिला. पत्र सभागृहाच्या व्यवस्थापकांना लिहा, एक प्रत आयोजकांना द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर तेच पत्र, पोच आणि फोटो जोडून, पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे पाठवा.